मारे प्वातव्हँ: निओरहून सायकलची निवांत फेरी (पाणथळ, गावं, होड्या)

चाकोरीबाहेर

फ्रान्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक ल्वार नदीकाठचे राजवाडे गाठतात आणि उरलेल्यांना टूर द फ्रान्सचे घाट खुणावतात. दोन्ही उत्तम. पण ज्यांना घाट नको, गर्दी नको आणि संध्याकाळी गुडघे शाबूत हवेत, त्यांनी मारे प्वातव्हँला जावं. मराठीत यावर फारसं कुठे वाचलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने दोन-सव्वादोन तासांत निओर. हे शहर फ्रान्समध्ये विमा कंपन्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे 'सुट्टीला निओरला चाललोय' म्हटलं की ऑफिसातले लोक सहानुभूतीने बघतात. बघू द्या. निओरच्या पश्चिमेपासून थेट अटलांटिकपर्यंत सुमारे १ लाख हेक्टरचा पाणथळ प्रदेश पसरलाय, तोच हा मारे प्वातव्हँ ('मारे' म्हणजे दलदल). दक्षिणेतल्या कामार्गच्या पाणथळीनंतर फ्रान्समधला हाच मोठा. रोमन काळी इथे समुद्राचं आखात होतं. ते गाळाने भरत गेलं, मध्ये चुनखडीचे उंचवटे बेटांसारखे उरले आणि आजची बरीच गावं त्या बेटांवर बसलीत. सायकलवर हे पायांना कळतं. तासभर रस्ता पाटासारखा सपाट असतो, आणि अचानक गिअर एक खाली घ्यावा लागला की समजायचं, गाव आलं.

आता वाट. मी सांगतो ती फेरी अशी: निओर, मान्ये, कुलों, ल माझो, सँ-सिजिसमाँ, मायझे, दांवी, आर्से, ल व्हानो, ला गारेत आणि परत निओर. ७० किलोमीटरच्या आसपास, आडवाटा घ्याल तसं कमीजास्त. निओरपासून कुलोंपर्यंत सेव्र निओर्तेज नदीच्या कडेकडेने जाता येतं. नॉर्मंडीतल्या विस्त्रआमपासून ला रोशेलपर्यंतचा 'व्हेलो फ्रान्सेत' नावाचा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग इथूनच जातो, त्यामुळे पाट्या चोख आहेत. कुलोंला गर्दी असते. चर्चजवळ एक कॉफी घ्या, निळ्या खिडक्यांच्या त्या प्रसिद्ध घराचा फोटो काढा आणि पुढे निघा. खरा मारे कुलोंच्या पुढे सुरू होतो.

फेरी कुठल्या दिशेने करायची हे वाऱ्यावर ठरवा. इथला वारा बहुतेक पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा, आणि दुपारनंतर तो चढतो. सकाळी वारा मंद असताना उत्तरेच्या अंगाने पश्चिमेकडे मायझेपर्यंत जायचं आणि दुपारी दक्षिणेच्या अंगाने, आर्से-ला गारेतवरून, वारा पाठीशी घेऊन परतायचं. उलटं केलंत तर सपाट रस्त्यावरही घाटाचा हिशेब चुकता होतो.

एका दिवसात होते का? होते. करावी का? माझं मत, नाही. दोन मुक्काम ठेवा, एक आर्सेला ठेवलात तर फारच छान. इथे वेळ लागतो तो पुलांवर उभं राहण्यात. प्रत्येक कालव्यावर लाकडी पूल, प्रत्येक पुलाखाली वेगळं पाणी. कुठे स्वच्छ, कुठे चहासारखं तपकिरी, आणि उन्हाळ्यात कुठे बारीक हिरव्या टिकल्यांचा असा गच्च थर की पाणी दिसतच नाही. दोन्ही काठांना शेंडा छाटलेले बुटके, जाडजूड अ‍ॅशचे वृक्ष. माणसाच्या डोक्याच्या जरा वर खोड कापायचं, मग फुटलेल्या फांद्या दर काही वर्षांनी जळणासाठी तोडायच्या. मुळं काठ धरून ठेवतात, फांद्या चूल पेटवतात. शेकडो वर्षं हेच चाललंय, म्हणून त्या झाडांची डोकी गाठी येऊन अक्राळविक्राळ झालीत.

फोटो नंतर टाकतो. प्रश्न विचारा.

नाँतकरीण

अखेर कोणीतरी लिहिलं! आम्ही नाँतहून वर्षातून एकदा तरी जातो. दोन गोष्टी जोडते.

ला गारेत घाईत ओलांडू नका. एकच लांब गल्ली आहे, पण घरांची रचना बघा. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार पाण्यावर. मागच्या दाराशी होडी बांधलेली. पूर्वी शेतावर जाणं, गुरं कुरणात नेणं, भाजी बाजारात नेणं, सगळं होडीतून. गाई होडीत उभ्या करून नेत, आणि काही शेतकरी अजूनही नेतात. इथली होडी सपाट बुडाची आणि ती लांब काठीने तळाला रेटा देत चालवतात.

दुसरं, साखळीची नाव. काही पायवाटा मध्येच कालव्याशी संपतात आणि पूल नसतो. तिथे एक छोटं सपाट तराफ्यासारखं काहीतरी असतं आणि दोन्ही काठांना बांधलेली साखळी. ते नेमकं पलीकडच्या काठाला असतं (नेहमीच!). मग साखळी हाताने खेचत खेचत त्याला अलीकडे आणायचं, सायकल चढवायची, आणि स्वतःला पलीकडे खेचत न्यायचं. साखळी पाण्यातून वर येते ती शेवाळाने बुळबुळीत आणि बर्फासारखी गार. पंधरा-वीस हात खेचली की तळवे हिरवे आणि कपड्यांना चिखलाचा वास. माझ्या मुलाला अख्ख्या सहलीतलं एवढंच आठवतं. पॅनियर लावलेली जड सायकल असेल तर बॅगा आधी उतरवा, तराफा एका बाजूला कलतो.

सायकल_सरकार

७० किमी आणि दोन मुक्काम?? अहो, एवढ्यात आम्ही पुणे-लोणावळा करून घरी जेवायला असतो. 😀 चढ शून्य, ट्रॅफिक शून्य, मग करायचं काय तिथे? ला रोशेलपर्यंत एका दमात जा की.

चाकोरीबाहेर

@सायकल_सरकार, जा की. मारां नावाच्या गावावरून ला रोशेल गाठता येतं, कालव्याच्या काठाने सरळसोट वाट आहे. पण तुम्ही 'करायचं काय' विचारलंत म्हणून सांगतो: हा प्रदेश कसा चालतो ते बघायचं. तुम्ही इंजिनीअर आहात ना? मग ऐका.

इथे निसर्ग म्हणून जे दिसतं ते जवळजवळ सगळं माणसाने खणलेलं आहे. १२१७ मध्ये पाच मठांनी मिळून एक कालवा काढला, त्याचं नावच 'पाच मठाधिपतींचा कालवा'. मग शंभर वर्षांचं युद्ध, मग धर्मयुद्धं, बांध फुटले, सगळं पुन्हा पाण्याखाली. १५९९ मध्ये चौथ्या हेन्रीने फर्मान काढून हम्फ्री ब्रॅडली नावाच्या माणसाला नेदरलँड्समधून बोलावलं आणि दलदल उपसण्याचा हक्क दिला. डच माणसं, डच तंत्र. आजही एका कालव्याला 'डचांचा पट्टा' म्हणतात.

यातून दोन वेगळे प्रदेश तयार झाले. समुद्राकडचा 'कोरडा मारे': बांध घालून बाहेरचं पाणी अडवलेलं, मोठमोठी गव्हा-मक्याची शेतं, झाड औषधालाही नाही. आणि निओरकडचा 'ओला मारे': हिवाळ्यात वरून येणारं सगळं पाणी हा पोटात घेतो आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतो. आपली फेरी सगळी ओल्या भागातली. एकाला कोरडं ठेवायचं तर दुसऱ्याने बुडायला हवं. कुठली झडप किती उघडायची यावरून इथले लोक चारशे वर्षं भांडतायत. रस्त्यात जागोजागी लोखंडी दातेरी चाकाच्या झडपा दिसतील, शेजारी पाण्याची पातळी मोजायची पट्टी. थांबून ती पट्टी वाचा. कुलोंच्या जरा अलीकडे सोत्तरीचं लॉक (होड्या वर-खाली करायचा दारांचा कप्पा) आहे, तिथे नदी पायरी उतरताना दिसते.

४० च्या वेगाने गेलात तर हे दिसायचं नाही, एवढंच म्हणणं.

सायकल_सरकार

बरं बरं. झडपांचं पटलं. मायझेला काय आहे ते तरी लिहा, नकाशात मोठं चर्च दिसतंय.

लियाँवाली

मायझेचं मी सांगते, मला तिथेच सगळ्यात जास्त आवडलं. चर्च म्हणजे मठाचे अवशेष आहेत. चुनखडीच्या बेटावर, अकराव्या शतकातला मठ, पुढे कॅथेड्रल झाला. छप्पर नाही, एक बाजूची भिंत आकाशात उभी. लेखक राबले १५२० च्या दशकात इथल्या बिशपच्या आश्रयाला होता. मग धर्मयुद्धांत प्रोटेस्टंट सरदार आणि कवी आग्रिपा दोबिन्ये याने मठाचा किल्ला करून टाकला, तटबंदी त्याच काळातली. आणि राज्यक्रांतीनंतर? खाण. लोकांनी दगड काढून नेले. गावात फिरताना साध्या घराच्या भिंतीत एखादा कोरीव दगड दिसला तर तो कुठून आला हे विचारायला नको.

गंमत म्हणजे याच दोबिन्येची नात १६३५ मध्ये निओरला जन्मली, आणि तिनेच पुढे चौदाव्या लुईशी गुपचूप लग्न केलं. मादाम द माँतनों. आजोबा राजाच्या धर्माविरुद्ध लढले, नात राजाच्या घरात. आपल्याकडच्या सरदार घराण्यांच्या बखरी आठवल्या!

मायझेहून दांवीला येताना उजवीकडे-डावीकडे कुरणं आहेत, चराई चालते. रस्ता अरुंद, पण गाड्या हळू जातात.

ठाणेकर_काका

वाचतोय. सप्टेंबरात लेकीकडे पॅरिसला येणार आहोत. मी ६८, सौ. ६४. मी रोज कोलशेतपर्यंत सायकल मारतो, सौ. मारत नाहीत. जमेल का? आणि पाणी, शौचालय, शाकाहारी जेवण यांचं काय? खेड्यात दुकानं असतात का?

नाँतकरीण

काका, सप्टेंबर उत्तम. ऑगस्टची गर्दी ओसरलेली, डास कमी, ऊन सौम्य. कुलों आणि आर्से दोन्हीकडे सायकली भाड्याने मिळतात, बॅटरीवाल्यासुद्धा. पण काकूंना सायकल नकोच असेल तर हट्ट करू नका. त्यांना आणि लेकीला आर्सेला होडीत बसवा, तुम्ही जावयाबरोबर फेरी मारा, जेवायला तिथेच भेटा. आर्सेचा धक्का मोठा आहे, शेजारी बसायला सावलीही आहे.

पाण्याची एक युक्ती सांगते, पण काकूंना आधी सांगू नका. फ्रान्सच्या खेड्यात सायकलवाले पाणी भरतात ते दफनभूमीत. हो, दफनभूमीत. प्रत्येक गावाला एक असते आणि थडग्यांवरच्या कुंड्यांना घालायला नळ असतोच. फक्त नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, ते बघायचं. आमच्या सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी बाटली हातातून घेतली, गाडीत ठेवली आणि दिवसभर लिंबू सरबतावर राहिल्या. संध्याकाळी त्या बाटलीतलं पाणी हॉटेलच्या कुंडीला घातलं. तेही 'ज्याचं त्याला' म्हणून.

शौचालयं गावच्या कचेरीजवळ किंवा चर्चच्या मागे, बहुतेक ठिकाणी फुकट. कागद आपला आपण ठेवा.

खादाडी_प्रथम

जेवणाचं मी घेतो, हा माझा प्रांत. 😋

काका, पहिली गोष्ट वेळ. दुकान १२ ला बंद होतं आणि २ नंतर उघडतं. रेस्टॉरंट नेमकं त्याच दोन तासांत उघडं. दीड वाजता जाऊन बसलात तर स्वयंपाकघर आवरायला लागलेलं असतं. सोमवारी तर बरंच काही बंदच. रविवारी सकाळी बेकरी उघडी, दुपारी सामसूम. तेव्हा सकाळी निघतानाच ब्रेड, चीज, फळं घेऊन पिशवीत टाका.

शाकाहारी काय मिळेल? 'मोजेत' म्हणजे इथले पांढरे घेवडे, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले, लोण्यात. नुसते ब्रेडवर घालून खातात. पण सावधान, बहुतेक ठिकाणी त्यात हॅम असतो किंवा हॅमबरोबर शिजवलेले असतात. विचारून घ्या. 'प्रेफू' म्हणजे लसूण-लोणी भरलेला चपटा ब्रेड, गरम खायचा. हा डोळे झाकून घ्या. बकरीच्या दुधाचं चीज या भागाची शान: शाबिशू, आणि चेस्टनटच्या पानावर ठेवलेलं मोते. निओरजवळच्या एशिरेचं लोणी तर फ्रान्सभर नावाजलेलं.

गोडात 'तुर्तो फ्रोमाजे'. वरून पार करपलेला, काळाकुट्ट घुमट. पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं बेकरीवाल्याने फसवलं. कापल्यावर आत पिवळाधम्मक, हलका, बकरीच्या चीजचा केक. काळी साल मुद्दामच जाळलेली असते. ती खायची की काढायची यावर इथेही दोन तट आहेत, मी खाणाऱ्यांत. आणि अँजेलिका: एका झाडाचे हिरवे देठ साखरेत मुरवलेले, निओरची खासियत. चव औषधी. आवडेल याची खात्री देत नाही.

मांसाहाऱ्यांसाठी ईल मासा, गोगलगायी, आणि धीर असेल तर रागोंदँचं पाते (ब्रेडला लावायचा मांसाचा लगदा). रागोंदँ म्हणजे काय ते भिगवणकर सांगतील.

भिगवणकर

हाक मारलीत म्हणून आलो.

रागोंदँ हा दक्षिण अमेरिकेतला मोठा उंदीरवर्गीय प्राणी, मांजराएवढा, नारिंगी दातांचा. फर मिळवायला युरोपात पाळला, सुटला, आणि आता कालव्यांचे काठ पोखरतो. पाण्यात डोकं वर काढून पोहताना दिसेल आणि तुम्हाला वाटेल पाणमांजर दिसलं. नाही. त्याची शेपटी बघा: उंदरासारखी, गोल. पाणमांजरही इथे आहे, पण ते दिसलं तर तुमचं नशीब.

पक्ष्यांसाठी सकाळी लवकर निघा. खंड्या हमखास, आपल्याकडच्या छोट्या खंड्याचीच जात, पुलाखालून निळी रेघ मारल्यासारखा जातो. जांभळा बगळा उन्हाळ्यात असतो. पण खरे पाणपक्षी बघायचे तर ही फेरी पुरत नाही. समुद्रकाठी एग्वीयोंच्या उपसागरापर्यंत जावं लागेल, तेही हिवाळ्यात. तिथल्या चिखलाच्या पठारांवर स्थलांतरित पक्ष्यांची झुंबड असते. काळ्या शेपटीचा मालगुजा या मारेतल्या ओल्या कुरणांत थोडी घरटीही करतो. तोच पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर थव्याने येतो, म्हणून मला त्याचं जरा जास्तच.

कुरणांवरून आठवलं. १९७० नंतर ओली कुरणं मोठ्या प्रमाणात नांगरून मक्याखाली गेली. पक्ष्यांचा अधिवास इतका घटला की १९९९ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्सला दोषी ठरवलं. त्याआधीच मारेचा प्रादेशिक नैसर्गिक उद्यानाचा दर्जा गेला होता, तो परत मिळायला २०१४ उजाडलं. माहितीपत्रकात 'हिरवं व्हेनिस' एवढंच छापतात, हे छापत नाहीत.

सायकल_सरकार

हे भारी आहे. म्हणजे पर्यटन खात्याने विकलेलं आणि कोर्टाने झोडलेलं एकच ठिकाण. बातम्यांत ते पाण्याच्या टाक्यांवरून झालेलं आंदोलन इथलंच ना?

चाकोरीबाहेर

इथलंच म्हणजे याच पाणलोटातलं. सँत-सोलीन निओरच्या पूर्वेला आहे, फेरीच्या वाटेवर नाही. २५ मार्च २०२३ ला तिथे आंदोलक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली, दोन्हीकडचे बरेच जखमी झाले.

भांडण काय, तर 'बासीन'. मोठाले उघडे तलाव, तळाला प्लास्टिक. हिवाळ्यात जमिनीखालचं पाणी उपसून त्यात भरायचं आणि उन्हाळ्यात शेतीला द्यायचं. शेतकऱ्यांचा युक्तिवाद असा की उन्हाळ्यात उपसा कमी होतो, म्हणजे मारेला फायदाच. विरोधकांचं म्हणणं, सार्वजनिक भूजल मूठभर मोठ्या शेतांसाठी अडवलं जातं, त्यातलं बरंच उडून जातं, आणि मक्याची सवय सुटतच नाही. १६ तलावांची योजना होती. डिसेंबर २०२४ मध्ये बोर्दोच्या अपील न्यायालयाने सँत-सोलीनसह चार तलावांची परवानगी रोखली. कारण एक पक्षी: आपल्या माळढोकाच्या कुळातला छोटा बस्टर्ड, जो तिथल्या शेतांत घरटी करतो.

माझं मत विचाराल तर, ज्या प्रदेशात झडप किती उघडायची यावर शतकानुशतकं वाद आहेत तिथे नवा तलाव 'तांत्रिक बाब' म्हणून खपवायला निघणं हाच भाबडेपणा. पण वाटेत कोणाशी हा विषय काढताना जपून. समोरचा शेतकरी असेल किंवा त्याचा मेहुणा तरी असेलच.

भिगवणकर

+१. आमच्याकडे उसाचं नाव काढून बघा.

लियाँवाली

विषय फार गंभीर झाला म्हणून आगीचं सांगते. 🔥

होडीवाला असलेली फेरी घेतलीत (स्वतः वल्हवायचीही मिळते, पण पहिल्यांदा नको) तर एका जागी तो थांबतो. काठी तळाच्या गाळात खुपसतो आणि ढवळतो. बुडबुडे यायला लागतात. मग तो खिशातून लायटर काढून पाण्याला लावतो आणि पाणी पेटतं. अक्षरशः. कुजलेल्या पानांतला मिथेन. ज्योत पाण्यावरून पळते, हिरव्या टिकल्यांच्या थरावर क्षणभर नारिंगी उजेड पडतो, चेहऱ्याला ऊब लागते आणि संपतं. मुलीने विचारलं, 'परत?' होडीवाल्याने तोंड वाकडं करून परत ढवळलं. दिवसातून किती वेळा करावं लागत असेल बिचाऱ्याला.

स्वतः वल्हवण्याबद्दल: आत एकसारखे दिसणारे इतके फाटे आहेत की नकाशा हातात असूनही माणसं चुकतात. धक्क्यावर देतात तो नकाशा ओला करू नका.

चाकोरीबाहेर

अ‍ॅशच्या झाडांबद्दल एक राहिलं होतं. सध्या त्यांना बुरशीचा रोग लागलाय, युरोपभर पसरलेला. फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. मारेत असे लाखो छाटलेले वृक्ष आहेत, आणि काठ धरून ठेवणारी मुळं त्यांचीच. आता मध्ये मध्ये दुसऱ्या जातींची रोपं लावताना दिसतात. काठावर खुंटाला बांधलेलं, जाळी घातलेलं कोवळं झाड दिसलं तर ते यासाठीच. म्हणजे पुढच्या पिढीला हा बोगद्यासारखा हिरवा कालवा वेगळाच दिसणार.

आता काकांसाठी नियम, एकत्रच. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, पण घाला. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, दंड होतो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट हवंच. मारेत सकाळी धुकं पडतं, म्हणून पिशवीत असू द्या. गाडीने गावाबाहेर तुमच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जायचं असतं आणि बहुतेक जण ठेवतात. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. लहान गावांत ती पाटी बहुतेक नसतेच.

ठाणेकर_काका

सौ. होडीला तयार आहेत. आगीचं वाचून जास्तच. दफनभूमीचं सांगितलेलं नाही. 😄

दोन शेवटचे प्रश्न. एक, लेक म्हणते स्वतःच्या सायकली पॅरिसहून न्यायच्या. टीजीव्हीत घेतात का? दोन, सप्टेंबरऐवजी बेत पुढे ढकलला, दिवाळीनंतर, तर?

चाकोरीबाहेर

काका, दिवाळीनंतर नको. हिवाळ्यात ओला मारे खरंच बुडतो, कुरणं आणि नदीकाठच्या वाटा पाण्याखाली जातात, काही रस्ते बंद करतात. दृश्य अफाट असतं, पण ते डांबरी रस्त्यावरून, गाडीतून बघायचं. पावसाळी आठवडा असेल तर निघण्याआधी कुलोंच्या पर्यटन कार्यालयात फोन करून वाटांची स्थिती विचारा.

टीजीव्हीत सायकलची जागा आधी राखावी लागते, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि ती सोय प्रत्येक गाडीत नसते. म्हणून आधी सायकलची जागा असलेली गाडी शोधा आणि मग मुक्कामाची तारीख ठरवा, उलटं नको. घडी घालून पिशवीत बसणारी सायकल सामान म्हणून चालते. प्वातिएपर्यंत किंवा ला रोशेलकडे साध्या टीईआर (प्रादेशिक) गाड्यांनी गेलात तर सायकल बहुतेक वेळा फुकट, पण शुक्रवारी संध्याकाळी डबा भरलेला असतो.

खरं सांगायचं तर एवढ्या फेरीसाठी पॅरिसहून सायकली ओढत नेऊच नका. कुलोंला भाड्याने घ्या, आधी उंची कळवून ठेवा म्हणजे सीट बरोबर मिळेल. मुक्कामाला 'आक्योय व्हेलो'चं चिन्ह असलेली जागा बघा, तिथे सायकल ठेवायला कुलूपबंद खोली आणि पंप-पाने असतात.

नाँतकरीण

आणि काका, मंगळवार ते शुक्रवार असं बसवा. सोमवारी बेकरी बंद सापडली तर काकू तुम्हाला सोडणार नाहीत.

ठाणेकर_काका

नोंद केली. लेकीला धागा पाठवला आहे, दफनभूमीचा प्रतिसाद वगळून.

नाँतकरीण

वगळून कसा पाठवलात काका? लिंक तर अख्ख्या धाग्याची असते. 🙈